नाव घेतल्याशिवाय लागत नाही

"घे बरं नाव," रुपाली म्हणाली.

"कोनाचं?"

"बाबाचं. दुसऱ्या कोनाचं घेशीन?"

सोजराबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या हसल्या. हातातला फोन त्यांनी नुकतं घातलेलं अंडं धरावं तसा धरला होता. समोर बाजेवर महादेवराव वांग्यांच्या टोपलीतून किडकी वांगी वेगळी काढत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"ते बसले ना समोर," सोजराबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "मी नाव घेऊ त्याइचं? त्याइच्या तोंडावर?"

"अवं, त्याइच्यासाठी नाही, फोनसाठी. फोनच्या आत एक बाई हाय. बाजूची कळ दाबून धरली का ते ऐकते. जाचं नाव घेशीन त्याले फोन लावते."

"मंग तिले सांग तू. तुहा तं बाप हाय, तुले चालते."

"मी अकोल्याले असते माय. मी सांगून राह्यली तं तुहा फोन कोन लावीन?"

रुपाली अकोल्याला दिलेली. बापाचं हे असं झाल्यापासून तिचा जीव तिथे लागत नव्हता. महादेवरावांना गेल्या वर्षापासून विसर पडू लागला होता. आधी वस्तूंचा पडला. भेंडीला ते 'ते हिरवं' म्हणत, विळा हातात धरून विळा शोधत. मग माणसांचा पडू लागला. दिवाळीला आलेल्या रुपालीला त्यांनी आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली आणि रुपालीनेही 'ओ' दिली. खामगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रुपालीला बाजूला घेऊन सांगितलं की हा विसर वाढत जाणारा आहे, त्यांना एकटं सोडू नका. पण वडनेर भोलजीच्या शिवारातला मळा, त्यात दोघंच म्हातारी. एकटं न सोडायचं म्हणजे कसं? पाणी धरायला तर उठावंच लागतं.

म्हणून हा फोन. महादेवरावांच्या गळ्यात जुना बटनांचा फोन कापडी पिशवीत घालून अडकवला होता. हिरवं बटन दाबायचं एवढं त्यांना जमत होतं. नवा मोठा सोजराबाईंसाठी.

नांदुऱ्याला फोन घ्यायला दोघी मायलेकी गेल्या तेव्हा दुकानदाराने एका दमात सगळं सांगितलं होतं. "काकू, साधा समजू नका. दोन सिम, टॉर्च, रेडिओ. कॅमेरा पाहा किती झाक. अन् पाच हजारची बॅटरी!"

"निस्त्या बॅटरीचे पाच हजार?" सोजराबाई उठायलाच निघाल्या होत्या. "चाल वं रुपाली. हा लुटते."

दुकानदार हसून हसून गल्ल्यावर पडला. ती किंमत नव्हे, ताकद आहे, एकदा चार्जिंग केलं की दोन दिवस पाहावं लागत नाही, असं त्याने समजावलं. मग त्याने फोन उलटा करून खालची बाजू दाखवली. "हे जाळी दिसते का? अथून तुमाले ऐकू येते. अन् हे बारीक भोक दिसते का, सुईच्या नाकाएवढं? हा याचा कान. तुमी बोलता ते अथून आत जाते. त्याच्यावर बोट ठेवू नका, नाही तं तुमी इकडं बोंबलान अन् तिकडं कोनाले काही ऐकू जानार नाही."

अंगठ्याने फोन उघडायची सोयही त्यात होती. कळीवर अंगठा टेकवला की उघडतो म्हणे. दुकानदाराने सोजराबाईंचा अंगठा धरला, पुसला, टेकवला, पुन्हा टेकवला. फोन घेईना. उजवा घेईना, डावा घेईना. मिरच्या तोडून, वांग्याचे काटे लागून, चिखल उपसून त्या बोटांवरच्या रेघा कधीच्या झिजून गेल्या होत्या.

"पाह्य," सोजराबाई रुपालीला म्हणाल्या, "जिंदगीभर अंगठ्यावाली बाई म्हून राह्यली. आता हा फोन म्हनते, तुहा अंगठाबी नाही चालत."

मग रुपालीने कुलूपच काढून टाकलं आणि फोन उघडला की समोरच बापाचा फोटो दिसेल असं केलं. फोटोवर बोट ठेवलं की फोन लागायचा. पण तेही बोटाच्या मर्जीवर. कधी लागायचं, कधी काचेला ते राठ बोट बोट वाटायचंच नाही. सोजराबाई टिचक्या मारत बसायच्या आणि फोटोतले महादेवराव नुसते पाहत राहायचे.

म्हणूनच ही बाई, आतली.

"बरं, 'ह्याइले लाव' म्हन," रुपाली म्हणाली. "पाहू काय करते."

सोजराबाईंनी कळ दाबून धरली. टुण्ण वाजलं. "ह्याइले लाव वं बाई," त्या म्हणाल्या.

"माफ करा, मला समजलं नाही," बाई म्हणाली. आवाज मोठा गोड, शहरातला.

"घरधन्याले लाव."

बाईने घर विकणे आहे अशा जाहिराती काढून दिल्या. रुपालीने नंबरावरचं नाव बदलून 'बाबा' केलं, तेव्हा बाईने कुठल्या तरी बाबांचं कीर्तन लावलं. टाळ वाजू लागले तसे महादेवराव वांगी सोडून टाळ्या वाजवू लागले. 'मालक' करून पाहिलं तर एक सिनेमा सुरू झाला. अखेर 'महादेवराव' हेच पुन्हा घातलं, तेव्हा रुपालीच्या तोंडून शब्द निघतो न निघतो तोच बाई म्हणाली, "महादेवराव यांना फोन लावत आहे," आणि बाजेवर गळ्यातली पिशवी वाजू लागली.

सोजराबाई त्या फोनकडे बघतच राहिल्या. "कशी बिनधास्त नाव घेते पाह्य! जशी काही तिचाच नवरा."

"मंग तूबी घे. काही होत नाही माय."

"उखान्यात घेऊ का?"

"घे. उखान्यात घे."

लग्नात घेतलेला एकच उखाणा सोजराबाईंना येत होता. त्यांनी पदर सावरला, सुनबाईसारखी मान खाली घातली आणि कळ दाबून म्हणाल्या, "मिरचीच्या वाफ्याले पान्याचा पाट, अमूक..." नावाशी येताच आवाज पदरात गेला. नुसता ओठ हलला. "...रावाची पाह्यते मी वाट."

बाई लगेच म्हणाली, "नवरीसाठी सोपे उखाणे," आणि वाचायला लागली. चांदीच्या ताटात कसला तरी पेढा, आणि कोण्या तरी सुरेशरावांचं नाव.

"अवं माय!" सोजराबाईंनी फोन बाजेवर टाकला. "हे तं दुसऱ्याच बाईच्या नवऱ्याचं नाव घेऊन राह्यली!"

रुपाली पोट धरून हसली. महादेवरावही हसले, दोघी हसत होत्या म्हणून. पण रुपालीचं हसू सरलं तसा तिने आईचा हात धरला. "माय, एखाद्या दिवशी खरंच लावा लागीन. तवा काय करशीन?"

सोजराबाई वांग्यांच्या टोपलीकडे पाहत होत्या. "तुह्या आजीनं सांगतलं होतं मले," त्या म्हणाल्या. "बाईनं नाव घेतलं का धन्याचं आयुष्य घटते. पह्यले मले वाटे, असंच म्हनतात म्हातारे मानसं. पन आता थोडंसंच राह्यलं त्याइचं. तेबी काऊन घटवू मी?"

संध्याकाळच्या गाडीने रुपाली गेली.

पुढचे दिवस तसे सुखाचे गेले. सोजराबाई फोनच्या टॉर्चने सरपणातला विंचू पाहायला शिकल्या. फोटो काढायला शिकल्या. त्यांच्या फोटोत महादेवराव अर्धे असायचे आणि उरलेल्या अर्ध्यात त्यांचा स्वतःचा अंगठा. रुपालीचा फोन आला की बोलता बोलता हाच अंगठा खालच्या भोकावर जायचा आणि तिकडून रुपाली ओरडायची, "माय, कान सोड त्याचा!" मग सोजराबाई दचकून अंगठा काढायच्या.

रोज दुपारी महादेवराव बाजेवर झोपत. तेवढ्यात सोजराबाई मिरचीला पाणी धरून येत. ते झोपलेले असत ही त्यांची खात्री, आणि इतके दिवस ती खरी ठरली होती.

त्या दिवशी पाट फुटला म्हणून थोडा उशीर झाला. झोपडीशी आल्या तर बाज रिकामी. त्यांनी आधी पायताण पाहिलं. नव्हतं. वांग्यांची टोपलीही नव्हती.

टोपली नाही म्हणजे बाजार. महादेवरावांचा नांदुऱ्याचा बाजार सुटून बरेच दिवस झाले होते. गावातला पुंजाजी दोघांचा माल घेऊन जायचा. पण पाय जुनी वाट विसरत नसावेत. किंवा बाजार नसेल तर...

सोजराबाई विहिरीकडे धावल्या. काठावर ओणव्या होऊन पाहिलं. पाणी निवांत होतं, त्यात आभाळ होतं आणि त्यांचं स्वतःचं डोकं. त्यांनी श्वास सोडला. कमरेचा फोन काढला. फोटो आला. त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. बोट चिखलाचं. लुगड्याला पुसून पुन्हा ठेवलं. फोटोतले महादेवराव तसेच पाहत राहिले. त्यांनी जोरात टिचकी मारली आणि फोन हातातून सुटून पाटाच्या दगडावर पडला.

उचलला तेव्हा काचेवर कोळ्याचं जाळं झालं होतं. त्याखाली हिरवे-जांभळे पट्टे. महादेवरावांचा फोटो कुठे होता आणि कुठे नव्हता तेच कळेना. कुठेही बोट ठेवा, काही हालेना.

आजूबाजूला कोणी नव्हतं. शेजारच्या मळ्यातली सत्यभामाबाई लग्नाला गेलेली. गाव नाल्याच्या पलीकडे. लांब हमरस्त्यावर मालट्रकांचा आवाज चालला होता, एकामागून एक. बाजाराला जायचं म्हणजे तोच रस्ता.

त्यांनी बाजूची कळ दाबून धरली.

टुण्ण.

बाई जिवंत होती. फुटक्या काचेच्या आत, बिनधास्त, वाट पाहत.

"बाई," सोजराबाई म्हणाल्या, "त्याइले लाव वं. पाया पडते तुह्या."

"माफ करा, मला समजलं नाही."

"मिरचीच्या वाफ्याले पान्याचा पाट..." त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, आणि नावाशी येताच जन्माची सवय आडवी आली. आवाज आत गेला.

"नवरीसाठी सोपे उखाणे," बाई म्हणाली.

"चूप!" सोजराबाई ओरडल्या. इतक्या मोठ्याने त्या कधी माणसावरही ओरडल्या नव्हत्या. बाई गप्प झाली. पाटातलं पाणी वाहत होतं. सोजराबाईंनी एकदा वर पाहिलं, ज्या देवाचं नाव नवऱ्याला होतं त्या देवाकडे. मनात म्हणाल्या, घटवायचं असंन तं माह्यं घटव. त्याइच्या नावाले हात लावू नको.

कळ दाबली.

"महादेवराव," त्या म्हणाल्या.

आवाज अनोळखी निघाला. भरल्या घरात भांडं पडावं तसा. त्यांना वाटलं, काहीतरी होईल. आभाळ हलेल, विहीर बोलेल. काही झालं नाही. बाई शांतपणे म्हणाली, "महादेवराव यांना फोन लावत आहे."

खालच्या जाळीतून रिंग ऐकू येऊ लागली. वाजत राहिली. मग खुट् झालं आणि मोटारींचा आवाज कानावर आला.

"हॅलो," महादेवराव म्हणाले.

सोजराबाईंना रडूच फुटलं. "कुठी हा तुमी?"

"कोन बोलते?"

"मी."

एवढ्या वर्षांत 'मी' पुरलं होतं. दाराबाहेरून 'मी' म्हटलं की आतून कडी निघायची.

"मी कोन?" महादेवराव म्हणाले.

"मी सोजरा." स्वतःचं नावही त्यांच्या तोंडाला नवंच होतं. सगळं गाव त्यांना रुपालीची माय म्हणायचं.

"सोजरा," महादेवराव हळू म्हणाले. मग लहान लेकराने वाट विचारावी तसं त्यांनी विचारलं, "अन् मी वं? मी कोन हाय? अथी सारे नाव इचारून राह्यले मले. तोंडात येते अन् जाते."

सोजराबाई पाटाच्या कडेला खाली बसल्या. आता बाई नव्हती. कळ दाबायची नव्हती. हे नाव आता फोन लावण्यासाठी नव्हतंच. ज्याचं होतं त्याच्याच हातात परत द्यायचं होतं. अंगठा भोकावर नाही ना, ते त्यांनी डोळ्यांनी पाहून घेतलं.

"तुमी महादेवराव," त्या म्हणाल्या. एकेक अक्षर सुटं, बी टोचावं तसं. "वडनेरचे महादेवराव. मिरचीवाले. रुपालीचे बाप. म्हना."

"महादेवराव," ते म्हणाले.

"अजून म्हना."

"महादेवराव. वडनेरचे." आणि मग, अगदी त्यांच्या जुन्या आवाजात, कोणाला तरी बाजूला म्हणाले, "हाव ना बे, महादेवराव. सांगून तं राह्यलो तुले."

फोन दुसऱ्या हातात गेला. कोणी तरी तरुण माणूस होता, नांदुऱ्याच्या रस्त्यावर त्याचं चहाचं दुकान. "मावशी, घाबरू नका. बाबा माह्या दुकानात बसले हायेत. टोपली घेऊन रस्त्याच्या मधून चालले होते, म्या बाजूले आनलं. नाव इचारलं तं वांगं देत." तो हसला. "वडनेरचे ना? थांबा, कोनी घ्याले येतपर्यंत हालू देत नाही त्याइले."

सोजराबाई नाला ओलांडून गावात गेल्या आणि पुंजाजीच्या दारात उभ्या राहिल्या. तापाने अंथरुणाला खिळलेला पुंजाजी तशातही उठला, त्याने मफलर गुंडाळला आणि मोटारसायकल काढली. "वहिनी, तुमी बसा. मी घेऊन येतो म्हाताऱ्याले." दिवेलागणीला दोघं परत आले. महादेवराव मागे बसलेले, मांडीवर टोपली. टोपली जवळजवळ रिकामी होती.

"इकली सारी," ते सोजराबाईंना म्हणाले. पैसे कुठे आहेत ते त्यांनाही माहीत नव्हतं आणि कोणी विचारलंही नाही. पुंजाजीने जाताना हळूच सांगितलं, "चहावाल्याले अन् गिऱ्हाइकाइले वाटून टाकले वांगे. लय खुशीत होते."

रुपाली दुसऱ्याच दिवशी आली. फोन नांदुऱ्याला नेला, नवी काच बसवून आणली. दुकानदाराने काचेवर आणखी एक काच चिकटवून दिली, आता पडला तरी फुटत नाही म्हणे. फोटो पुन्हा लख्ख दिसू लागला. रुपालीने बापाची बाज आईच्या कामाच्या जागी, मिरचीच्या वाफ्याशी हलवली. आता काही दिवस इथेच राहते म्हणाली, आणि राहिली. पण तिलाही घर होतं.

"आता फोटो मोठा केला," जाताना ती म्हणाली. "बोट कुठीबी ठेव, लागीन. नाव घ्यायचं काम नाही तुले."

"हाव," सोजराबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दव होतं. महादेवराव बाजेवर पांघरूण घेऊन बसले होते आणि समोर हाताच्या अंतरावर सोजराबाई मिरच्या खुडत होत्या. महादेवराव स्वतःच्या हातांकडे पाहत होते, परक्याच्या घरातली भांडी पाहावी तसे. सोजराबाईंनी ते पाहिलं. हात पुसले, कमरेचा फोन काढला. फोटोकडे पाहिलंही नाही. बाजूची कळ दाबून धरली.

"महादेवराव," त्या म्हणाल्या.

गळ्यातली पिशवी वाजली. महादेवरावांनी ती उघडली, हिरवं बटन दाबलं, फोन कानाला लावला आणि समोर बसलेल्या बायकोकडे पाहत विचारलं, "हॅलो, कोन?"

"मी सोजरा. तुमी कोन बोलता?"

"मी..." ते थांबले. वाफ्यावरून एक साळुंकी उडाली. तिच्या मागे त्यांची नजर गेली आणि रिकामीच परत आली. मग त्यांच्या तोंडावर हसू आलं, लग्नातल्या नवरदेवासारखं, थोडं लाजरं, थोडं आगाऊ.

"तूच सांग ना," ते म्हणाले. "तुह्या तोंडून बरं लागते."

सोजराबाईंनी फोन कानापासून खाली घेतला. आतल्या बाईला ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी आपला झिजलेला अंगठा त्या बारीक भोकावर नीट, घट्ट ठेवला. मग त्या बाजेकडे सरकल्या आणि नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं.